मिशिगनच्या 13 जागा नोव्हेंबरच्या आधीच कशा ठरतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2022 मध्ये मिशिगन राज्यातून अमेरिकी काँग्रेसवर 7 डेमोक्रॅट आणि 6 रिपब्लिकन निवडून आले, 2024 मध्ये तेच आकडे उलटे झाले. मग दोन वर्षांत राज्याचं मन बदललं असं समजायचं का? आणि बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, जेमतेम 28 टक्के मतं मिळवून डेट्रॉइटचे खासदार कसे झाले?

मी डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या उपनगरात पंचवीसहून अधिक वर्षं राहतो. मोटार उद्योगात इंजिनिअर म्हणून आलो, नागरिकत्व मिळालं, आणि 2012 पासून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करतो. इथे त्या कामाला इलेक्शन इन्स्पेक्टर म्हणतात. मंडळाच्या गणपतीत निवडणुकीचा विषय निघाला की हेच दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो: या लिखाणात काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद. आणि 13 जागा त्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या, म्हणजे साधारण आपल्या लोकसभेसारख्या. मुदत मात्र फक्त दोन वर्षांची.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, राज्याचं मन फारसं बदललेलं नव्हतं. 2024 मध्ये 13 पैकी 12 जागा ज्या पक्षाकडे होत्या त्याच पक्षाकडे राहिल्या. फिरली ती एकच, सातवी. राजधानी लॅन्सिंगच्या आसपासचा हा मतदारसंघ. तिथल्या डेमोक्रॅट खासदार एलिसा स्लॉटकिन सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या, जागा मोकळी झाली, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून हरलेले टॉम बॅरेट चार टक्क्यांहून कमी फरकानं निवडून आले. एवढ्यावर वर्तमानपत्रांत मथळे आले की मिशिगनच्या काँग्रेस सदस्यांत रिपब्लिकनांचं बहुमत. त्याच दिवशी ट्रम्प यांनी राज्य सुमारे 80 हजार मतांनी जिंकलं आणि त्याच मतदारांनी स्लॉटकिनना सुमारे 19 हजार मतांनी सिनेटवर पाठवलं. त्याच दिवशी फ्लिंट-सॅगिनॉ भागातला आठवा मतदारसंघ ट्रम्पना मतं देऊन काँग्रेससाठी मात्र डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडॉनल्ड रिव्हे यांच्या मागे उभा राहिला. असल्या निकालाला ‘राज्याचा कौल’ असं एकच नाव देता येत नाही. एकाच दिवशी 13 वेगळ्या निवडणुका झाल्या, आणि त्यातल्या साधारण नऊंचा निकाल त्या दिवशी कुणीही न बघता सांगू शकलं असतं.

हे असं का, ते कळायला नकाशा उघडावा लागतो. मी निवडणुकीबद्दल कुणाशीही बोलताना सुरुवात उमेदवारांपासून करत नाही, रेषांपासून करतो.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की राज्यांमधल्या जागांची फेरवाटणी होते. आपल्याकडे लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी 1971 च्या जनगणनेवर गोठवली गेली; इथे तसं संरक्षण नाही. 1970 च्या दशकात मिशिगनच्या 19 जागा होत्या. मग 18, 16, 15, 14, आणि 2020 च्या जनगणनेनंतर 13. मोटार कारखाने ओहायोच्या खाली दक्षिणेकडे आणि देशाबाहेर गेले, लोक त्यांच्यामागे गेले. 2000 ते 2010 या दशकात लोकसंख्या घटलेलं देशातलं हे एकमेव राज्य होतं. म्हणजे प्रत्येक दहा वर्षांनी कुणाची तरी खुर्ची जाणार हे ठरलेलं, आणि कुणाची जाणार हे रेषा आखणाऱ्याच्या हातात.

रेषा आखताना एक नियम मात्र फार कडक आहे. 1964 मध्ये सुप्रीम कोर्टानं जॉर्जिया राज्याच्या एका खटल्यात ठरवलं की एका राज्यातल्या सगळ्या काँग्रेस मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान हवी. मिशिगनमध्ये सध्या दर जागेला सुमारे 7 लाख 75 हजार लोक. (महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात नुसते मतदारच सुमारे 19 लाख भरतात.) पण डोकी समान असली तरी कोणती डोकी कुठे टाकायची याला पूर्ण मोकळीक होती, आणि खेळ सगळा तिथेच होता.

2011 मध्ये राज्याची विधानसभा, राज्याचं सिनेट आणि गव्हर्नरपद (इथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला, साधारण आपल्या मुख्यमंत्र्यासारखा), तिन्ही रिपब्लिकनांकडे होतं. नकाशा त्यांनी काढला. 2012 च्या निवडणुकीत ओबामांनी मिशिगन जिंकलं. काँग्रेसच्या सगळ्या मतदारसंघांतली मतं एकत्र मोजली तर डेमोक्रॅटना जवळपास 51 टक्के आणि रिपब्लिकनांना 46 च्या आतबाहेर. जागा? रिपब्लिकन 9, डेमोक्रॅट 5. मी त्या वर्षी पहिल्यांदाच मतदान केंद्रावर काम केलं होतं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत रांगेतल्या प्रत्येक माणसाची नोंद नीट व्हावी म्हणून आम्ही धडपडलो, शेवटी वहीतली मतदारसंख्या आणि यंत्रातल्या मतपत्रिकांची संख्या एका आकड्यानंही चुकली नाही. घरी येऊन राज्याचे आकडे पाहिले तेव्हा वाटलं, आपण मोजायचं काम चोख केलं, पण मोजण्याआधीच काहीतरी ठरून गेलं होतं.

तेव्हाचा चौदावा मतदारसंघ पाहा. पॉन्टिॲक शहरापासून निघून, उपनगरांतून वळणं घेत, डेट्रॉइटच्या काही वस्त्या उचलून तो थेट पूर्वेला ग्रॉस पॉइंटपर्यंत जायचा. लांबलचक वेडावाकडा पट्टा. युक्ती अशी: विरोधी पक्षाची मतं मोजक्या मतदारसंघांत कोंबायची, म्हणजे तिथे ते 80 टक्के घेऊन जिंकतात आणि उरलेल्या ठिकाणी थोडक्यात हरतात. पुढे खटला झाला तेव्हा नकाशा करणाऱ्यांचे ईमेल कोर्टात उघड झाले. आग्नेय मिशिगनमधला ‘डेमोक्रॅट कचरा’ चार मतदारसंघांत भरायची भाषा त्यांत होती. कचरा म्हणजे आम्ही, माझे शेजारी, माझ्या मुलांचे शिक्षक. हे वाचल्यावर मला राग आला होता, आणि आजही येतो. एप्रिल 2019 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो नकाशा घटनाबाह्य ठरवला. दोनच महिन्यांनी, 27 जून 2019 ला, सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या राज्यांच्या प्रकरणात 5 विरुद्ध 4 अशा मतानं निर्णय दिला की पक्षीय हेतूनं आखलेल्या रेषा हा केंद्रीय न्यायालयांचा विषयच नाही. मिशिगनचा जिंकलेला खटला त्यामुळे वाऱ्यावर गेला.

पण तोवर मिशिगनच्या लोकांनी दुसरी वाट धरली होती. 2016 च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही या सत्तावीस वर्षांच्या तरुणीनं फेसबुकवर एक साधी ओळ लिहिली, की मला या रेषांच्या गैरप्रकाराविरुद्ध काहीतरी करायचंय, कुणी सोबत येणार का. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही चळवळ उभी राहिली. राज्यघटनेत दुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायला 3 लाख 15 हजारांच्या वर सह्या लागत होत्या. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून जास्त गोळा केल्या, पगारी माणसं न लावता. 2017 च्या उन्हाळ्यात आणि पानगळीत मीही भाजीबाजारात, वाचनालयाबाहेर पाटी आणि पेन घेऊन उभा राहिलो. आमच्या गाडीत कायम जुन्या चौदाव्या मतदारसंघाच्या नकाशाचा पुठ्ठा असायचा. तो दाखवला की भाषण करावं लागायचं नाही. रिपब्लिकन टोपी घातलेल्या शेतकऱ्यांनीही सह्या केल्या, कारण इतका वाकडा नकाशा कुणालाच बरोबर वाटत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये प्रस्ताव सुमारे 61 टक्के मतांनी मंजूर झाला.

आता रेषा 13 सामान्य नागरिकांचा आयोग आखतो: 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन, 5 कुठल्याच पक्षाचे नसलेले. नेते, पक्षाचे पदाधिकारी, त्यांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत. नऊ हजारांहून अधिक अर्ज आले आणि निवड शेवटी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीनं झाली. कोणत्या कसोट्या कोणत्या क्रमानं लावायच्या हे घटनेतच लिहिलंय. समान लोकसंख्या आणि मताधिकाराचा कायदा पहिल्या क्रमांकावर, सलगता दुसऱ्या, आणि तिसऱ्या क्रमांकावर एकमेकांशी जीवनानं जोडलेले समूह. पक्षीय समतोल त्यानंतर. जिल्ह्यांच्या हद्दी तर आणखी खाली. हा क्रम पुढे फार महत्त्वाचा ठरला. सुनावण्यांमध्ये हॅमट्रॅमकच्या बांगलादेशी वस्तीतले लोक, डिअरबॉर्नचे अरब, उत्तरेकडच्या सरोवरकाठचे मच्छीमार सगळे येऊन सांगत होते, आमचं गाव कापू नका. 28 डिसेंबर 2021 ला ‘चेस्टनट’ नावाचा नकाशा 8 विरुद्ध 5 मतांनी संमत झाला. सध्याच्या 13 जागा त्या नकाशातल्या.

त्या नकाशावर नजर फिरवली की नऊ जागा लगेच बाजूला काढता येतात. पहिला मतदारसंघ म्हणजे अप्पर पेनिन्सुला हा वरचा अख्खा द्वीपकल्प आणि पुलाच्या अलीकडचा, दक्षिणेकडचा थोडा उत्तर भाग, जंगल आणि खाणींचा प्रदेश, पक्का रिपब्लिकन. दुसरा, चौथा, पाचवा, नववा हेही बहुतांशी ग्रामीण आणि रिपब्लिकन. सहावा ॲन आर्बर विद्यापीठाचा, अकरावा ओकलंड काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्हा) उपनगरांचा, बारावा डिअरबॉर्न-साउथफील्डचा आणि तेरावा डेट्रॉइटचा, हे चार डेमोक्रॅट. उरले तिसरा, सातवा, आठवा, दहावा. पैसा, जाहिराती, दारोदार फिरणारी मुलं, सगळं या चारांत. दहाव्यात, म्हणजे डेट्रॉइटच्या उत्तरेला मॅकोम काउंटीच्या कामगार वस्त्यांत, 2022 मध्ये रिपब्लिकन जॉन जेम्स 1,600 मतांनी जिंकले. तीन लाखांवर मतदान झालेलं. असा मतदारसंघ आखणं हे आयोगाचं यश आहे असं मी ठामपणे मानतो. हरणाऱ्याला पुढच्या वेळी आशा असते आणि जिंकणाऱ्याला भीती असते, तिथे खासदार फोन उचलतात.

तिसऱ्या मतदारसंघाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण प्रायमरी म्हणजे काय हे तिथे जसं दिसतं तसं कुठेच दिसत नाही. ग्रँड रॅपिड्स शहर. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जेराल्ड फोर्ड 1949 पासून 1973 पर्यंत इथूनच काँग्रेसवर होते. पक्कं रिपब्लिकन, डच प्रोटेस्टंट चर्चच्या वळणाचं, कष्टाळू आणि नेमस्त गाव. 2020 मध्ये पीटर मायर हे तरुण रिपब्लिकन इथून निवडून आले. शपथ घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा त्यांनी 6 जानेवारी 2021 ला ट्रम्पसमर्थकांनी संसदेवर केलेल्या हल्ल्यावरून ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूनं मत दिलं. आपल्याकडे असं केलं तर पक्षश्रेष्ठी तिकीट कापतात. इथे तिकीट श्रेष्ठींच्या हातात नसतं. ते मतदारांच्या हातात असतं, आणि ती निवडणूक ऑगस्टमध्ये होते. ऑगस्ट 2022 च्या प्रायमरीत ट्रम्पसमर्थक जॉन गिब्ज यांनी मायरना हरवलं. त्यात डेमोक्रॅट पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीनं गिब्ज यांना पुढे आणणाऱ्या जाहिरातीवर चार लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता, कारण नोव्हेंबरमध्ये ते सोपे प्रतिस्पर्धी ठरतील हा हिशेब होता. हिशेब बरोबर आला. हिलरी स्कोल्टन निवडून आल्या, आणि 1970 च्या दशकानंतर प्रथमच ग्रँड रॅपिड्सला डेमोक्रॅट खासदार मिळाला. मी डेमोक्रॅटांना मत देणारा माणूस आहे, तरी ती जाहिरात मला तेव्हाही चुकीची वाटली आणि आजही वाटते. स्वतःच्या पक्षाविरुद्ध कठीण मत देणाऱ्या माणसाला संपवायला आपण पैसे लावायचे आणि वर लोकशाही धोक्यात आहे म्हणायचं, हे जुळत नाही.

आता ठाणेदारांकडे येतो.

तेराव्या मतदारसंघात खरी निवडणूक एकच: ऑगस्टमधली डेमोक्रॅट प्रायमरी. नोव्हेंबरमध्ये तिथे रिपब्लिकन उमेदवार निवडून येणं शक्यच नसतं. आणि मिशिगनच्या प्रायमरीत दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, निम्मी मतं मिळायची अट नाही. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो उमेदवार. दुसरी फेरी नसते. दोन, प्रायमरीत हरलेल्याला त्याच जागेसाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर नाव छापून आणता येत नाही, त्यामुळे नाराज उमेदवार अपक्ष म्हणून परत येत नाही.

2022 मध्ये त्या जागेवर कुणी विद्यमान खासदारच नव्हता. नव्या नकाशात तोवर तेराव्याच्या खासदार असलेल्या रशिदा तलेब शेजारच्या बाराव्यात गेल्या आणि दुसऱ्या एक खासदार निवृत्त झाल्या. मैदान मोकळं पाहून नऊ उमेदवार उतरले. त्यांपैकी बहुतेक आफ्रिकन अमेरिकन, आणि एकच ठाणेदार. ते रसायनशास्त्रज्ञ, 1979 मध्ये भारतातून आले, ॲक्रन विद्यापीठातून पीएचडी केली, कंपन्या विकत घेतल्या, बुडाले, पुन्हा उभे राहिले. त्यांचं मराठी आत्मचरित्र महाराष्ट्रात किती घरांत आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ते तिसरे आले होते, पण डेट्रॉइट शहरात त्यांचं नाव तेव्हाच घराघरांत पोचलं होतं. 2020 मध्ये ते डेट्रॉइटमधूनच राज्याच्या विधानसभेवर गेले. काँग्रेससाठी त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले. विरोधी मतं आठ जणांत फुटली आणि सुमारे 22 हजार मतं, म्हणजे 28 टक्के, जिंकायला पुरली. दुसऱ्या क्रमांकावरच्या ॲडम हॉलिअर यांना 23 टक्क्यांच्या वर मतं होती. नोव्हेंबरमध्ये ठाणेदार 71 टक्के मतांनी निवडून आले. आकडा दिसायला भक्कम आहे, पण पावणेआठ लाख लोकांचा प्रतिनिधी ठरवणारी मतं ती ऑगस्टची 22 हजार.

महाराष्ट्र मंडळात त्या रात्री आनंद झाला, मलाही झाला. मराठी बोलणारा माणूस अमेरिकेच्या संसदेत जातोय हे छोटं नाही. पण डेट्रॉइटमधल्या माझ्या सहकाऱ्यांच्या घरी त्या रात्री दुसरंच वातावरण होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. जानेवारी 1955 मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसवर गेले तेव्हापासून डेट्रॉइट शहराला एक ना एक कृष्णवर्णीय खासदार कायम होता. 2023 मध्ये ती परंपरा तुटली. ज्या शहरात चारपैकी तीनहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय आहेत, त्या शहरात. कारण नुसती मतविभागणी नव्हती. जुन्या नकाशात दोन मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होते. नव्या आयोगानं डेट्रॉइटला उपनगरांशी जोडताना बाराव्या आणि तेराव्या दोन्हींत ते प्रमाण निम्म्याखाली आणलं. सुनावणीत डेट्रॉइटचे लोक हे ओरडून सांगत होते, मी स्वतः ऐकलंय. राज्याच्या विधिमंडळाचे जे मतदारसंघ याच आयोगानं डेट्रॉइटभोवती आखले, त्यांतले 13 मतदारसंघ डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय न्यायालयानं वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केले. काँग्रेसच्या नकाशाला तो निकाल लागू झाला नाही. ज्या आयोगासाठी मी उन्हात सह्या गोळा केल्या, त्याच्या हातून ही चूक झाली आणि किंमत डेट्रॉइटनं मोजली. तरीही आयोग हवाच, असं माझं मत आहे. पण पुढच्या वेळी डेट्रॉइटचं आधी ऐकायला हवं.

मतविभागणी किती ताकदवान असते याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा 2018 चा आहे, आणि तो याच भागातला. डिसेंबर 2017 मध्ये जॉन कॉनयर्स यांनी राजीनामा दिला. 1965 पासून ते काँग्रेसवर होते. त्यांच्या उरलेल्या मुदतीसाठी पोटनिवडणूक आणि पुढच्या पूर्ण मुदतीसाठी नेहमीची निवडणूक, दोन्हींच्या प्रायमरी एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर झाल्या. पोटनिवडणुकीच्या यादीत चार नावं, पूर्ण मुदतीच्या यादीत सहा. चार जणांच्या लढतीत ब्रेंडा जोन्स जिंकल्या. सहा जणांच्या लढतीत रशिदा तलेब सुमारे 900 मतांनी जिंकल्या. तेच मतदार, तीच सकाळ, तोच पेन. जोन्स नोव्हेंबरअखेर शपथ घेऊन जेमतेम पाच आठवडे खासदार राहिल्या आणि जानेवारी 2019 मध्ये तलेब त्यांच्या जागी आल्या. कुणी मला ‘लोकांनी कौल दिला’ असं म्हटलं की मी हे उदाहरण सांगतो. कौल कसा विचारला यावरही उत्तर ठरतं.

मतपत्रिकेवर नाव येणं ही त्याआधीची पायरी, आणि आमच्याकडे तिथेच मोठमोठे लोक घसरलेत. काँग्रेसच्या उमेदवाराला आपल्या पक्षाच्या प्रायमरीसाठी 1,000 वैध सह्या लागतात. ऐकायला काहीच नाही. पण 2012 मध्ये विद्यमान रिपब्लिकन खासदार थॅडियस मॅकॉटर यांच्या अर्जात जुन्या सह्यांच्या प्रती जोडलेल्या निघाल्या, 250 सह्यासुद्धा वैध ठरल्या नाहीत, आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. 2014 मध्ये कॉनयर्स यांचंही नाव सह्यांवरून कापलं गेलं होतं, ते केंद्रीय न्यायालयानं परत आणलं. 2024 मध्ये ठाणेदारांना आव्हान द्यायला निघालेले हॉलिअर पुरेशा वैध सह्या नाहीत म्हणून मतपत्रिकेवर येऊच शकले नाहीत. ठाणेदारांनी त्या प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं मिळवली खरी, पण सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी समोर नव्हता हेही त्या निकालात मिसळलेलं आहे. सह्या गोळा करणाऱ्यांना मी नेहमी एक सांगतो: माणसाला त्याचं पोस्टाचं गाव विचारू नका, तो मतदार म्हणून कोणत्या शहरात किंवा टाउनशिपमध्ये (शहरांच्या हद्दीबाहेरचा स्थानिक कारभाराचा भाग) नोंदलेला आहे ते विचारा. पोस्टाचा पत्ता एका शहराचा आणि घर शेजारच्या टाउनशिपमध्ये, असं इथे सर्रास असतं. अशी एक चूक म्हणजे एक सही गेली. 1,000 लागत असतील तर 2,000 च्या जवळ गोळा कराव्यात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मतमोजणीबद्दल दोन शब्द, कारण भारतातून लोक इथल्या यंत्रणेकडे संशयानं बघतात. इथे निवडणूक आयोगासारखी एकच मोठी संस्था सगळं चालवत नाही. मिशिगनमध्ये 83 काउंट्या आहेत आणि प्रत्यक्ष निवडणूक चालवणारे शहरांचे आणि टाउनशिपचे क्लार्क (कारकून नव्हे, स्थानिक अधिकारी) पंधराशेच्या वर आहेत. मतपत्रिका कागदाची, वर्तुळ पेनानं भरायचं, मग ती स्कॅनिंग यंत्रात जाते आणि कागद खाली पेटीत राहतो. केंद्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपला पक्ष जाहीर करावा लागतो, आणि प्रत्येक केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं हवीतच. रात्री पेटीच्या सीलवर वेगवेगळ्या पक्षांच्या दोन जणांच्या सह्या होतात. माझ्यासोबत गेली कित्येक वर्षं एक निवृत्त रिपब्लिकन शिक्षिका सही करतात. दिवसभर आमच्यात राजकारणाचा शब्दही निघत नाही; केंद्रावर ते चालतच नाही.

प्रायमरीतली सर्वांत जास्त होणारी चूकही सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर होताना वाईट वाटतं. मिशिगनमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहिलेला नसतो. ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळते, त्यात डेमोक्रॅटांचा एक स्तंभ आणि रिपब्लिकनांचा एक. ज्या स्तंभात मत द्यायचं त्यातच शेवटपर्यंत राहायचं. एखाद्यानं गव्हर्नरसाठी इकडे आणि काँग्रेससाठी तिकडे खूण केली की त्याची पक्षीय मतं सगळीच बाद. केंद्रावर यंत्र सूचना देतं, नवी मतपत्रिका मिळते. टपालानं मत देणाऱ्याला ते कोण सांगणार? आमच्या मराठी मंडळींत, विशेषतः नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या आईवडिलांच्या पिढीत, ही चूक मी बरीच पाहिली. घरात कुणी पहिल्यांदा प्रायमरीत मत देणार असेल तर त्यांच्याशेजारी बसून एवढं समजावा.

तुम्हाला यापुढे हे निकाल स्वतः वाचायचे असतील तर राज्याचा एकूण आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा कुठली जागा मोकळी आहे, म्हणजे विद्यमान खासदार उभा नाही. 2026 मध्ये अशा दोन आहेत: दहाव्यातले जॉन जेम्स गव्हर्नरपदासाठी उतरले आहेत आणि अकराव्यातल्या हेली स्टीव्हन्स सिनेटसाठी. मग त्या जागांची प्रायमरी बघा, तारीख 4 ऑगस्ट: किती उमेदवार आहेत, मतं कशी फुटतात, जिंकणाऱ्याला 50 टक्के मिळतात की 30. नोव्हेंबरच्या रात्री फक्त तिसरा, सातवा, आठवा आणि दहावा उघडून ठेवा. आणि आठ वाजले, मतदान संपलं, आता निकाल येईल असं समजून ताटकळू नका. अप्पर पेनिन्सुलाच्या पश्चिमेकडच्या चार काउंट्यांचं घड्याळ आमच्याहून तासभर मागे असतं. डेट्रॉइटपासून साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या आयर्नवूडमध्ये रांगेतला शेवटचा माणूस आत गेल्यावरच, म्हणजे आमच्या नऊनंतर, राज्याचं मतदान संपतं.